रिकाम्या गोदामाची झडती

साथीच्या दुसऱ्या वर्षीच्या पानगळीत आमच्या कारखान्यातली सगळ्यात स्फोटक जागा कुठली म्हणाल, तर माझं टेबल. बंदुकीच्या दारूचं कोठार मागच्या आवारात जाड भिंतींच्या आत गपगार असायचं. माझ्या टेबलावरचा फोन मात्र सकाळी कचेरी उघडली की पेटायचा, तो मी संध्याकाळी कोट अंगात घालेपर्यंत विझायचा नाही.

मी मार्लिस. मिनेसोटात नॉर्डबी म्हणून आमचं गाव आहे आणि गावाच्या टोकाला टोलेफसनांचा काडतुसांचा कारखाना. निम्मं गाव तिथेच कामाला. माझं काम गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं. साथीच्या आधी ते काम म्हणजे निव्वळ आराम होता. कुणाला खोक्यावरचं बारीक अक्षर वाचता यायचं नाही, कुणाला नुसतं सांगायचं असायचं की तुमच्या गोळीने मी केवढ्या शिंगांचं हरीण पाडलं. ऐकायचं, वा वा म्हणायचं, फोन ठेवायचा.

मग साथ आली. लोक घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी विकत घेतल्याशिवाय चैन पडत नाही. जन्मात बंदूक हातात न धरलेल्यांनी बंदुका घेतल्या. ज्यांच्याकडे आधीच होत्या त्यांनी दिसेल ते खोकं उचलून तळघरात नेऊन ठेवलं. दुकानातल्या फळ्या ओस पडल्या. आमची यंत्रं रात्रंदिवस चालत होती, तरी पुरेना. त्यात काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जी इवलीशी टोपी असते, ती आम्ही बाहेरून आणायचो आणि तीच वेळेवर येईना. टोपी नसेल तर पितळ, दारू आणि शिसं घेऊन काय करता, लोणचं घालता?

हे मी फोनवर सांगायची, पण ऐकणाऱ्याला ते पटायचं नाही. लोकांचं आपलं ठरलेलं होतं. कुणी म्हणायचा, तुम्ही सगळा माल सरकारला विकला. कुणी म्हणायचा, भाव चढायची वाट बघत दाबून ठेवलाय. एकाने तर मला खात्रीने सांगितलं की आम्ही काडतुसं तळ्यात बुडवतोय. मी त्याला विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, ते तुम्हीच सांगा.

आमचे मालक लेलँड टोलेफसन म्हणजे अबोल माणूस. बाप वारला म्हणून मालक झालेले, नाहीतर यंत्रांच्या तेलातच सुखात राहिले असते. लोकांची तोंडं बंद करावीत म्हणून कुणीतरी त्यांना सल्ला दिला की स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून खरं काय ते सांगा. ते बिचारे गोदामाच्या कोपऱ्यात उभे राहिले, कागदावरचं वाचल्यासारखं बोलले, आणि ती फीत आम्ही इंटरनेटवर टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेलँडच्या पाठीमागे छतापर्यंत खोक्यांची चळत दिसत होती. लोकांनी ते चित्र थांबवून, मोठं करून एकमेकांना पाठवलं. हा बघा चोर, आणि हा बघा चोरीचा माल.

ती खोकी होती संडासातल्या कागदाची. साथीच्या सुरुवातीला बाजारात तो कागद मिळेनासा झाला होता, तेव्हा लेलँडच्या बायकोने कामगारांची आबाळ नको म्हणून कुठून तरी ट्रक भरून मागवला होता. पण हे जाहीर सांगायची लेलँडना लाज वाटली. साठेबाज नाही म्हणायचं आणि त्याच श्वासात हा साठा कबूल करायचा, हे त्यांच्याने होईना. ते गप्प बसले आणि शिव्या मी खाल्ल्या.

शिव्या देणाऱ्यांत पहिला नंबर वेंडल क्रूगरचा. उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलात राहणारा म्हातारा. सकाळचा पहिला फोन हमखास त्याचा. त्याला हवी होती थ्री-हंड्रेड सॅव्हेज जातीची काडतुसं. ही जात शंभर वर्षांपूर्वीची. अजून ती बंदूक वापरणारे थोडेच उरलेत. टंचाईत आम्ही जास्त खपणाऱ्या जातीच काढत होतो, कारण एका जातीवरून दुसरीवर यंत्र लावायचं तर मधला वेळ वाया जातो. हे मी वेंडलला परोपरीने समजावलं. तो म्हणायचा, "बाई, थापा मारू नकोस. त्या चळतीत तळाला आहेत ती. मी भिंग लावून बघितलंय."

एके दिवशी माझी सहनशक्ती संपली. नवऱ्याशी सकाळीच वाजलं होतं, कॉफी गार झाली होती, आणि हा गृहस्थ मला म्हणाला की माझा आवाजच खोटारड्या बाईचा आहे. मी म्हटलं, "असं करा क्रूगरसाहेब, गाडी काढा आणि इथे या. एकेक खोकं उघडून बघा. सापडलं तर घेऊन जा."

तो म्हणाला, "येतो."

मला वाटलं, तोंडाची वाफ. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत एक चिखलाने माखलेला पिकअप ट्रक दारात उभा. त्यातून ताडमाड, बारीक, शिकाऱ्यांची केशरी टोपी घातलेला म्हातारा उतरला. इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी आणि हातात बॅटरी. म्हणाला, "मी वेंडल. कुठाय गोदाम?"

लेलँडना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण माणूस दोन तास गाडी हाकत आला होता, आणि आमच्याकडे दारी आलेल्याला कॉफी न देता परत पाठवत नाहीत. लेलँड स्वतः किल्ल्या घेऊन पुढे झाले.

गोदामाचं दार उघडलं तर आत आमची पॅकिंगवाली मंडळी जेवणाच्या सुट्टीत पिकलबॉल, म्हणजे लाकडी फळीने खेळायचं छोटं टेनिस, खेळत होती. माल बनला की त्याच दिवशी ट्रकमध्ये चढायचा, त्यामुळे कोपऱ्यातली ती चळत सोडली तर गोदाम महिनोन्महिने रिकामं. पोरींनी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून मैदान आखलं होतं आणि मधे दोरीवर जुनी ताडपत्री टांगली होती. मालकांना बघून सगळ्या जागच्या जागी थिजल्या. लेलँड म्हणाले, चालू द्या.

वेंडलने मात्र काम चोख केलं. भिंती ठोकून बघितल्या. जिन्याखाली वाकला. झाडूंचं कपाट उघडलं. शेवटी त्या बदनाम चळतीपाशी जाऊन खिशातल्या चाकूने एक खोकं कापलं आणि आतला गुंडाळा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग त्याने तो पुन्हा आत ठेवला, खोक्याची झाकणं नीट दुमडली आणि लेलँडना म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"

लेलँड म्हणाले, "तुम्ही सांगितलं असतंत?"

वेंडल हसला. इतके दिवस मी त्याचा आवाज ऐकत होते, पण त्या आवाजाला हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

जेवायला मी त्याला माझ्या टेबलापाशी बसवलं. घरून आणलेलं जंगली तांदळाचं सूप वाढलं. आणखी कॉफी आणायला म्हणून मी उठले तेवढ्यात फोन वाजला, आणि वेंडलने सवयीने उचलला. मी परत आले तर तो पाय पसरून बोलत होता. "नाही रे बाबा, मी इथला नाही. मी तुझ्यासारखाच. शिव्या द्यायला आलो होतो. सगळं बघितलं मी. झाडूच्या कपाटात झाडूच आहेत... हो, जिन्याखाली पण बघितलं... अरे, मी काय आंधळा आहे?"

पलीकडचा माणूस शांत झाला. इतका शांत की त्याने वेंडलला तुझ्याकडे यंदा हरणं किती दिसतात म्हणून विचारलं, आणि त्यावर पुढे बराच वेळ गप्पा चालल्या. मी जे दीड वर्ष सांगत होते तेच या माणसाने सांगितलं होतं. फरक एवढाच, की तो कारखान्याचं मीठ खाणारा नव्हता. दारात उभे राहून लेलँड ऐकत होते. त्यांनी वेंडलला तिथल्या तिथे विचारलं, अधूनमधून येऊन बसाल का?

तसा तो यायला लागला. मंगळवारी आणि गुरुवारी, त्याच इस्त्रीच्या शर्टात. काही दिवसांनी सूप पिता पिता त्याने मला खरी गोष्ट सांगितली. काडतुसं त्याला स्वतःसाठी नको होती. त्याच्या स्वतःच्या बंदुकीला पुरेशी होती. ती हवी होती त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. लुएला तिचं नाव. ऐंशीच्या घरातली, लग्न न केलेली, त्याच्याच शेजारच्या घरात राहणारी. वडिलांची जुनी सॅव्हेज बंदूक तिच्याकडे होती आणि लहान मुलगी असल्यापासून तिने हरणांच्या शिकारीचा एकही हंगाम चुकवला नव्हता. ऑगस्टात वेंडलने ती बंदूक "साफ करून देतो" म्हणून नेली आणि शेजाऱ्याबरोबर कुंपणावर भोपळे मांडून एका दुपारी तिचं शेवटचं खोकं उडवून टाकलं.

"दुकानात मिळतील आणि आणून ठेवीन, असं वाटलं होतं," तो म्हणाला. "मिळाली नाहीत. मग खोक्यात खिळे भरले, वजन बरोबर यावं म्हणून, आणि फळीवर ठेवून दिलं."

"खिळे?" मी म्हटलं.

"तिला कळलं तर ती मला सोलेल, मार्लिस."

म्हणजे दोन महिने मी ज्या रागाने भाजून निघत होते, तो माझ्यावरचा नव्हताच. मला हसू आलं आणि त्याची कीवही आली. मी लेलँडना जाऊन विचारलं की त्या जातीची एक छोटी खेप काढता येईल का. त्यांनी खूप विचार केला आणि नाही म्हणाले. एका ओळखीच्या माणसासाठी यंत्र थांबवलं, तर फोनवरचे सगळे जे म्हणतात ते खरं ठरेल. मला वाईट वाटलं, पण चूक नव्हतं त्यांचं.

वाट निघाली ती वेंडलच्याच बडबडीतून. फोनवरच्या प्रत्येकाला तो आपला विचारायचा, तुझ्याकडे नको असलेलं काय पडलंय? आणि प्रत्येकाकडे काही ना काही पडलेलं असायचंच. काकाची बंदूक विकली, काडतुसं राहिली. भावाने चुकून भलत्याच जातीचं खोकं आणलं. एकदा ब्रेनर्डच्या एका बाईला जे हवं होतं ते बेमिजीच्या एका माणसाच्या तळघरात होतं, आणि त्याला हवं होतं ते तिच्या कपाटात. वेंडलने दोघांना वाटेतल्या पेट्रोल पंपावर भेटायला सांगितलं. दोघांनी नंतर फोन करून आभार मानले. आभाराचा फोन आमच्याकडे किती काळाने आला होता, हे सांगत नाही.

त्या दिवशी लेलँड माझ्या टेबलाशी आले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गोदाम तर रिकामंच आहे."

एवढंच बोलले, पण मला कळलं, की लोकांना इथेच बोलवायचं. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, विकणं-बिकणं काही नको, नुसती अदलाबदल करा. घरी भरलेली काडतुसं नकोत, कारखान्याच्या खोक्यातलीच घ्या, आणि प्रत्येक खोकं तुमच्या तपासणीच्या माणसांनी आधी बघू दे. हंगाम सुरू व्हायच्या आधीचा शनिवार ठरला. वेंडल आणि मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो. शिव्या देणाऱ्याला तर दोनदा.

मला वाटलं होतं पाच-पंचवीस माणसं येतील. सकाळी बर्फाची भुरभुर चालू होती आणि तरी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. केशरी टोप्या, मास्क, बगलेत जुनी खोकी. पिकलबॉलच्या मैदानावर आम्ही टेबलं मांडली होती. गावातल्या बायकांनी भट्टीत भाजलेले बटाट्याचे हॉटडिश आणले, कॉफीची मोठी भांडी लावली. पण सुरुवातीला सगळे भिंतीला टेकून उभे. एकमेकांकडे, आणि मुख्य म्हणजे छताकडे आणि कोपऱ्यांकडे बघत होते. प्रत्येकाच्या मनात तीच चळत.

लेलँडना बोलणं भाग होतं. ते एका उलट्या खोक्यावर चढले. कागद आणला होता, तो त्यांनी खिशातून काढला आणि परत खिशात घातला. म्हणाले, "तुम्ही माझ्या मागे जी खोकी बघितलीत, ती संडासच्या कागदाची होती. आम्ही साठा केला होता, खरंय. अजून संपलेला नाही. जाताना एकेक गुंडाळा घेऊन जा."

आधी मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, आणि मग सगळं गोदाम खदखदायला लागलं. लेलँड खाली उतरले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पण एक धिप्पाड माणूस पुढे झाला. त्याने फोनवर मला काय काय म्हटलं होतं ते मला पाठ आहे. त्याने लेलँडचा हात हातात घेतला आणि विचारलं, त्या टोप्या अजून मिळत नाहीत का? त्यानंतर लेलँड तासभर टोप्यांवर बोलत होते आणि भोवती माणसं ऐकत होती. यंत्रांबद्दल विचारलं की त्या माणसाला वाचा फुटते, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

वेंडल मात्र टेबलामागून टेबल पालथं घालत होता. सॅव्हेजची काडतुसं कुणाकडेच नव्हती.

दुपारी एक उंच म्हातारी आत आली. पाठ ताठ, हातात रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा मोठा थाळा. सरळ माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मार्लिस तूच का?"

"हो."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आठवड्यातून दोनदा माझा भाऊ दाढी करतो. शर्टाला इस्त्री करतो. विचारलं तर कारखान्यात जातो म्हणतो. म्हटलं, कारखाना बघून तरी यावा."

मी तिला सांगितलं की माझा नवरा तो पलीकडे कॉफी ओततोय, आणि सध्या तरी मला तेवढा एक पुरे आहे. लुएलाचा चेहरा जरा सैलावला, पण पुरता नाही. "मग हा इथे येऊन करतो काय?"

तेवढ्यात वेंडलनेच ते दाखवलं. आम्हाला पाठमोरा, पुढच्याच टेबलाशी वाकून तो तिथल्या बाईला विचारत होता, थ्री-हंड्रेड सॅव्हेज आहेत का हो, एखादं अर्धं खोकं तरी?

"ती कुणासाठी रे?" लुएला म्हणाली.

वेंडल वळला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण शाळेत खिडकीची काच फोडून उभं राहावं तसा उभा राहिला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. त्याने टोपी काढली आणि सगळं सांगितलं, भोपळ्यांपासून सगळं. शेवटी म्हणाला, "आणि फळीवरच्या खोक्यात खिळे आहेत, लुएला."

"माहितेय मला," ती म्हणाली. "ऑगस्टातच बघितले. त्यांतल्या चार खिळ्यांनी मी कोंबड्यांचं दार ठोकलं. तेव्हापासून वाट बघतेय, तू तोंड कधी उघडतोस."

"मग हंगामाचं काय करणार होतीस?"

"शिवणयंत्राच्या खणात दुसरं खोकं आहे. तुझा हात पोचेल अशा जागी मी शहाणी बाई सगळं ठेवीन होय?"

लोक इतके हसले की कॉफी सांडली. वेंडल आधी रागावला, मग ओशाळला, आणि मग स्वतःच डोळे पुसत हसत सुटला. दोन महिने त्याने माझा जीव खाल्ला होता आणि त्याचं औषध शेजारच्या घरात बॉबिनांबरोबर पडलं होतं. मी त्याला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मग तुझी ओळख कशी झाली असती?" मी त्याच्या हातात एक वडी ठेवली.

गोदाम रिकामं होत आलं तेव्हा एक विधवा बाई आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक खोकं, नवऱ्याचं. कुठली जात ते तिला ठाऊक नव्हतं. तपासणीवाल्यांनी सोडून बघितलं तर थ्री-हंड्रेड सॅव्हेज, अगदी स्वच्छ. त्या बदल्यात तिला काहीच नको होतं, ती शिकार करत नव्हती. लुएलाने ते खोकं घेतलं आणि वड्यांचा उरलेला थाळा, थाळ्यासकट, तिच्या हातात दिला. मग खोकं वेंडलच्या छातीला टेकवून म्हणाली, "हे तुझं. पुढच्या ऑगस्टात भोपळे यातल्या गोळ्यांनी मारायचे. माझ्या खणाकडे बघायचं नाही."

हंगाम उघडला त्या सकाळी लुएलाने पहिल्या प्रहरातच एक चांगलं भरलेलं हरीण पाडलं. वेंडल आपल्या मचाणावर झोपला होता. गोळीच्या आवाजाने जागा झाला. पुढच्या आठवड्यात दोघं सॉसेजची टोपली घेऊन कारखान्यात आली आणि दोन्ही पाळ्यांच्या सगळ्यांनी पोटभर खाल्लं.

टंचाई काही लगेच हटली नाही. फोन वाजतच राहिले आणि लोक चिडतच राहिले. पण आता मंगळवार-गुरुवारी वेंडलबरोबर लुएलाही येते. लेलँडनी तिच्यासाठी पाठ टेकायला बरी अशी खुर्ची आणली. तिची पद्धत निराळी. समोरचा ओरडत असतो तोवर ती फोन कानापासून लांब धरून विणकाम करते. तो दमला की विचारते, "जेवलास का?"

परवा एक जण ओहायोतून इतका तापला होता की त्याचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. लुएलाने त्याला तेच विचारलं. तो गडबडला. म्हणाला, नाही, अजून नाही. ती म्हणाली, आधी जेव, मग फोन कर, मी इथेच आहे. तासाभराने त्याचा फोन आला. काडतुसांचं नावसुद्धा काढलं नाही त्याने. हरणाच्या सॉसेजात मिरपूड किती घालायची, ते विचारत होता.